शितावरून भात ओळखायला सांगू नका

जिल्ह्यातल्या पोटविकारतज्ज्ञांना, सर्जन मंडळींना आणि फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासून निदान करणारी डॉक्टर. आपल्यापैकी बहुतेकांना माझी सही ओळखीची आहे, चेहरा नाही. गेली २२ वर्षं तुम्ही पाठवलेल्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात आणि तीन-चार दिवसांनी माझ्या सहीचा कागद तुमच्याकडे परत जातो. आपला संबंध एवढाच. तो एवढाच राहिला म्हणून एका माणसाचं जठर गेलं, ही बोच गेले कित्येक महिने मनातून जात नाही. त्या माणसाबद्दल आधी सांगते, मग माझी मागणी मांडते.

शेजारच्या तालुक्यातले कांदा उत्पादक, वय ५६. सहा महिने पोटात जळजळ, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं, वजन उतरत चाललेलं. गावात पित्ताच्या गोळ्या झाल्या. मधे भूक लागावी, अंगात जोर यावा म्हणून स्टेरॉइडचा एक कोर्सही झाला होता. हे मला फार उशिरा कळलं. शहरात एन्डोस्कोपी झाली. जठराच्या मधल्या भागात जाड घड्या आणि त्यांच्यावर एक उथळ, वेडीवाकडी जखम दिसली. तिथून दोन तुकडे घेतले गेले. माझ्याकडे आलेल्या बाटलीत फॉर्मलिनच्या जागी सलाइन होतं. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं : जठर बायोप्सी, कॅन्सर आहे का?

ते दोन तुकडे मला अजून आठवतात. एकेक जेमतेम दोन मिलिमीटरचा. एक कडेनं विरघळत आलेला, दुसरा चिमट्यात चिरडलेला. मायक्रोस्कोपखाली चिरडलेल्या पेशी कशा दिसतात ते सांगते : ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसे निळे-जांभळे ओघळ. कुठली पेशी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, काही कळत नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की तीव्र दाह आहे, गडद पेशींचा एक समूह आहे, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, बायोप्सी पुन्हा करावी.

तीन आठवड्यांनी बादली आली. आख्खं जठर, न उघडलेलं.

बायोप्सी पुन्हा झाली नव्हती. 'नाकारता येत नाही' हे शब्द वाचले गेले, त्यापुढचं वाक्य राहून गेलं. मी ते जठर त्याच्या बाहेरच्या, मोठ्या वळणाच्या बाजूनं उघडलं. आतल्या घड्या करंगळीएवढ्या जाड झालेल्या, हाताला रबरासारख्या. ३० ठिकाणचे तुकडे घेतले. स्लाइड बघितल्या तेव्हा नेहमीचा जठराचा कॅन्सर त्यात कुठंच नव्हता. होता तो माल्ट लिम्फोमा : जठराच्या आवरणातल्या लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा, सावकाश वाढणारा कॅन्सर. जठराच्या भिंतीतच थांबलेला, सगळ्या लसिका ग्रंथी स्वच्छ. गिम्सा रंगानं तपासलेल्या स्लाइडवर हेलिकोबॅक्टर पायलोरीचे जंतू ग्रंथींच्या तोंडाशी झुंडीनं पडलेले.

आपण सगळे जाणताच, पण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून लिहिते : या टप्प्यावरच्या, जंतू सापडलेल्या माल्ट लिम्फोमाचा पहिला उपचार म्हणजे दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या. एवढ्यावर अशा रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांचा लिम्फोमा पूर्ण विरतो. त्या शेतकऱ्याचा विरलाच असता असं मी म्हणणार नाही. त्याला ती संधीच मिळाली नाही. आता तो दिवसातून सात-आठ वेळा मूठभर खातो आणि बी-१२ च्या इंजेक्शनवर आहे. ते इंजेक्शन आयुष्यभर सुटणार नाही.

यात माझी चूक आहे आणि ती आधी कबूल करते. मी फोन करायला हवा होता. 'पुन्हा बायोप्सी करावी' असं टाइप करून मी पुढच्या स्लाइडकडे वळले. दोन मिनिटांचा फोन केला असता, त्यात चिरडलेला तुकडा, सलाइन आणि आधीचं स्टेरॉइड एवढं बोलणं झालं असतं, तर ती शस्त्रक्रिया बहुधा थांबली असती. म्हणून हे पत्र म्हणजे नुसती तक्रार समजू नका. माझ्या बाजूनं मी काय बदललं ते पुढे लिहिलंच आहे.

या आजाराचा सगळा इतिहास तुकड्यांतून घडलेला आहे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथं रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या बायोप्सीवर वाकडे जंतू दिसले. ॲसिडमध्ये जंतू जगत नाहीत असं तेव्हा सगळेच मानत. वॉरन बघत राहिले, नोंदी करत राहिले. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला, १९८२ साली ते जंतू वाढवून दाखवता आले आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. इकडे इंग्लंडमध्ये पीटर आयझॅक्सन आणि डेनिस राइट या दोन पॅथॉलॉजिस्टनी १९८३ साली माल्ट लिम्फोमा हा वेगळा आजार म्हणून मांडला. हे दोन धागे जुळले ते १९९१ मध्ये. वोदरस्पून, आयझॅक्सन आणि सहकाऱ्यांनी जठराच्या लिम्फोमाच्या ११० रुग्णांचे तुकडे तपासले आणि ९२ टक्क्यांमध्ये तोच जंतू सापडला. दोन वर्षांनी त्याच गटानं सहा रुग्णांना फक्त जंतूवरची औषधं दिली. सहापैकी पाचांच्या बायोप्सीतून लिम्फोमा नाहीसा झाला. कॅन्सर म्हणून ओळखला जाणारा आजार अँटिबायोटिकनं मागे हटतो, यावर तोवर फार थोड्यांचा विश्वास बसला असता. विद्यार्थी असताना हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आजही शिकवताना तोंड आपोआप खुलतं.

घडतं ते असं. निरोगी जठरात लिम्फोसाइट पेशींची वस्ती जवळपास नसतेच. जंतू येऊन ठाण मांडतो, वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याला तोंड द्यायला शरीर या पेशी तिथं पाठवत राहतं. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे. त्यातल्या अगदी मोजक्यांमध्ये एखाद्या बी पेशीचा (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) वंश मोकाट वाढू लागतो. सुरुवातीला हा वंश जंतूच्या चिथावणीवरच जगतो. चिथावणी थांबली की मरतो. काळ गेला, पेशींच्या गुणसूत्रांत बदल झाले की तो स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि काहींच्या बाबतीत त्यातूनच मोठ्या पेशींचा, झपाट्यानं वाढणारा लिम्फोमा तयार होतो. मग अँटिबायोटिकच्या भरवशावर थांबता येत नाही. तिथं बी पेशींवर नेमका मारा करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधासह केमोथेरपी लागते, आणि वेळेवर लागते.

म्हणजे एकाच जठरात, एकमेकांना खेटून, गोळ्यांनी बरा होणारा आणि केमोशिवाय न हटणारा असे दोन्ही आजार असू शकतात. बाहेरून दोन्ही सारखेच. एन्डोस्कोपीत कधी नुसती लाली, कधी जाड घड्या, कधी साधा अल्सर वाटावा अशी जखम. सीटी स्कॅन भिंत जाड झाली एवढंच सांगतो. फरक करायचा तर तुकड्यावर.

'शितावरून भाताची परीक्षा' असं आपण म्हणतो, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. जठरातला लिम्फोमा असा एकसारखा नसतो. इथं आहे, दोन सेंटिमीटरवर नाही, पुढे परत आहे. वरचं आवरण चांगलं दिसतं आणि आजार खालच्या थरात दडलेला असतो. मोठ्या पेशींचा पट्टा एखाद्याच कोपऱ्यात असतो. नेमका तोच कोपरा राहून गेला तर मी 'माल्ट' म्हणून मोकळी होते आणि रुग्ण गोळ्या खात बसतो, आत आग पसरत असताना. म्हणून लिम्फोमाची शंका आली की किमान दहा तुकडे घ्या. जखमेच्या काठाचे, तळाचे, जाड घडीचे, आणि जिथं काहीच दिसत नाही तिथलेही : जठराच्या प्रत्येक भागातून, अन्ननलिकेच्या जोडापासून, ड्युओडिनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून. एकाच जागी चिमटा दुसऱ्यांदा लावला तर खालचा थर हाती लागतो, तेही जमेल तिथं करा. जागेप्रमाणे बाटल्या वेगळ्या ठेवा आणि बाटलीवर जागा लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.

वेळ जातो, पेशंट ओकारी काढतो, बाहेर आणखी आठ जण बसलेले असतात, हे मला माहीत आहे. तरीही दहा तुकडे घ्यायला लागणारा वेळ त्या शेतकऱ्याच्या शस्त्रक्रियेला लागलेल्या वेळापुढे काहीच नाही.

तुकडा बाटलीत पडल्यानंतर काय होतं ते बघायला आपल्यापैकी फार थोडे जण आमच्याकडे आले असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फॉर्मलिनमध्ये पेशींमधली प्रथिनं जागच्या जागी गोठतात. १० टक्के बफर केलेलं फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट, किमान ६ तास. सलाइनमध्ये ती गोठत नाहीत. पेशी स्वतःच्याच रसांत विरघळू लागतात आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांवर पाणी पडतं. मोठं जठर पाठवताना ते उघडून फॉर्मलिनमध्ये बुडवायचं. बंद जठराच्या आत फॉर्मलिन पोचत नाही, बाहेरून पक्कं आणि आतून कुजलेलं असं काहीतरी आमच्या हातात येतं. पुढे अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण, आणि सुपारीएवढ्या मेणाच्या ठोकळ्यात तुमचा तुकडा बंद होतो. हाच ब्लॉक.

आमचे टेक्निशियन दादा सकाळी तो ब्लॉक बर्फावर ठेवतात, मायक्रोटोमला लावतात आणि ३ मायक्रॉनच्या चकत्या काढतात. चकत्यांची फीत कोमट पाण्यावर अलगद सोडतात, काचेवर उचलून घेतात. खोलीतला पंखा तेव्हा बंद असतो, कुणी बोलत नाही. दोन मिलिमीटरच्या तुकड्यातून अशा चकत्या मोजक्याच निघतात. नेहमीच्या रंगासाठी दोन-तीन, खोलवर बघायला आणखी काही, जंतूसाठी एक. मग मार्करची, म्हणजे पेशीवरचं ठरावीक प्रथिन रंगवून तिची जात ओळखणाऱ्या तपासण्यांची वेळ येते आणि एकेका मार्करला एकेक चकती लागते. दोनच तुकडे असले तर बहुतेक वेळा मार्करची पाळी येईपर्यंत ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरतं. एका विशिष्ट गुणसूत्र-बदलाची, ११ आणि १८ या गुणसूत्रांमधल्या अदलाबदलीची तपासणी मोठ्या केंद्रात होते. हा बदल असला तर आजार सहसा अँटिबायोटिकला दाद देत नाही, हे आधी कळणं मोलाचं. त्यालाही ब्लॉकमध्ये काहीतरी शिल्लक असावं लागतं.

आता मी काय शोधते ते. कमी ताकदीच्या भिंगातून जठराच्या ग्रंथी शेताच्या सऱ्यांसारख्या ओळीनं उभ्या दिसायला हव्यात. लिम्फोमात त्या एकमेकींपासून दूर ढकललेल्या, विरळ झालेल्या असतात आणि मधली जागा निळ्या पेशींनी गच्च भरलेली. ताकद वाढवली की पेशी दिसतात : साध्या लिम्फोसाइटपेक्षा थोड्या मोठ्या, केंद्रक जरा वेडंवाकडं, भोवती फिकट झालर. या पेशी ग्रंथीच्या भिंतीत घुसतात, तीन-चार एकत्र, आणि ग्रंथीचा आकार मोडून टाकतात. ही घुसखोरी स्पष्ट दिसली की हात थांबतो. नुसत्या जंतूच्या दाहातही लिम्फोसाइट असतात, गाठीही असतात. दाह कुठं संपला आणि लिम्फोमा कुठं सुरू झाला ही सीमा धूसर आहे, इतकी की वोदरस्पून यांनी त्यासाठी शून्य ते पाच अशी पायरी आखून दिली. मधल्या पायऱ्यांवर पॅथॉलॉजिस्ट अडकतो. तिथं ग्रंथींची रचना शाबूत असलेला, पुरेसा रुंद तुकडाच वाचवतो.

'मार्कर करून टाका ना' असं मला फोनवर सांगितलं जातं. मार्कर मोठी मदत करतात, हे खरं. चिरडलेल्या गोल पेशींमध्ये नेहमीचा कॅन्सर की लिम्फोमा हा पहिला प्रश्न दोन मार्करवर सुटतो : सायटोकेरॅटिन लागलं तर नेहमीचा कॅन्सर, सीडी ४५ लागलं तर लिम्फोसाइटचा वंश. मग सीडी २० नं बी पेशी कळतात, सीडी ३ नं टी पेशी. सीडी ५, सीडी १० आणि सायक्लिन डी-१ हे तिन्ही नकारार्थी आले की दुसऱ्या जातीचे छोट्या पेशींचे लिम्फोमा बाजूला पडतात. की-६७ वाढीचा वेग दाखवतो. पण दाहातल्या साध्या गाठींनाही सीडी २० लागतंच. नुसता सीडी २० आहे म्हणून लिम्फोमा म्हणता येत नाही आणि नुसत्या मार्करच्या यादीवर सही करायला मी तयार नाही. त्या पेशी कुठं बसल्यात, काय मोडतायत, हे मला दिसायला हवं.

फॅमिली डॉक्टरांना एक विनंती, हात जोडून. ज्याचं वजन कारण नसताना उतरतंय, ज्याचं पोट दुखणं हटत नाही, त्याला एन्डोस्कोपीआधी स्टेरॉइड देऊ नका. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडनं काही दिवसांतच विरतात. रुग्णाला बरं वाटतं, तुम्हालाही वाटतं औषध लागू पडलं, आणि माझ्या स्लाइडवर मेलेल्या पेशींच्या सावल्या तेवढ्या येतात. आजार महिन्याभरानं परत येतो, तोवर हातचा वेळ गेलेला असतो. ॲसिडच्या गोळ्यांचंही तसंच. पॅन्टोप्राझोल चालू असताना जंतू कमी होतो, जठराच्या खालच्या भागातून वर सरकतो, आणि आम्ही 'जंतू नाही' असं लिहून मोकळे होतो. प्रकृतीला झेपत असेल तर दोन आठवडे आधी ती बंद करा, अँटिबायोटिक झालं असेल तर चार आठवडे जाऊ द्या, आणि बंद करता येत नसेल तर फॉर्मवर लिहा. लिहिलं असलं की मी जपून वाचते. बायोप्सीत जंतू सापडला नाही तरी शौचाची किंवा रक्ताची तपासणी करून बघायला हवी, कारण पुढचा सगळा उपचार त्या एका उत्तरावर फिरतो.

सर्जन मंडळींना मी काय सांगावं? फुटलेलं जठर, न थांबणारा रक्तस्राव, तिथं सुरी लागते आणि तिथं तुम्हीच माणूस वाचवता. पण लिम्फोमासाठी म्हणून जठर काढण्याचे दिवस मागे पडले. मोठ्या पेशींच्या लिम्फोमातही आज केमोथेरपी हाच मुख्य उपचार आहे आणि जठर जागेवर राहतं. 'कॅन्सर असेल तर लवकर काढलेला बरा' या घाईमागे रुग्णाची काळजीच असते. नातेवाईकांचा तगादाही असतो : साहेब, काढून टाका, वाट बघू नका. तरीही माझ्या रिपोर्टमध्ये शंका लिहिलेली असेल तर थांबा. पाच दिवस द्या. गुंतागुंत नसलेला जठराचा लिम्फोमा पाच दिवसांत हाताबाहेर जात नाही.

थांबल्यानं काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या ट्रेमध्येच आहे. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६३. तरुण पोटविकारतज्ज्ञानं पहिल्याच खेपेला बारा तुकडे घेतले, चार बाटल्या, फॉर्मवर अर्धं पान माहिती आणि एन्डोस्कोपीचा फोटो. माल्ट लिम्फोमा, जंतू हजर, मोठ्या पेशींचा पट्टा कुठंही नाही. चौदा दिवस औषधं झाली. चार महिन्यांनी पुन्हा तुकडे आले : जंतू गेलेला, लिम्फोमा तिथंच. मुलगा घाबरला, केमो द्या म्हणून हटून बसला. त्या डॉक्टरनं मला फोन केला. मी आधीची आणि नंतरची स्लाइड शेजारी ठेवून बघितली; पेशी विरळ व्हायला लागल्या होत्या. लिम्फोमा विरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, वाढत नसेल तोवर थांबता येतं, असं आमचं बोलणं झालं. तो पुढे घरच्यांशी तासभर बोलला.

अकराव्या महिन्यातली स्लाइड मी कितीदा तरी बघितली आहे. ग्रंथी परत दिसतायत, अजून दूर दूर उभ्या. मधे जिथं निळ्या पेशींची गर्दी होती तिथं फिकट गुलाबी, बारीक धाग्यांची रिकामी जागा. एखाद-दुसरी छोटी, सभ्य लिम्फोसाइटची गाठ. पाहुणे गेल्यावर ओसरी दिसावी तसं. बाईंना मी कधी भेटलेले नाही. त्यांची एन्डोस्कोपी ठरलेल्या अंतरानं चालू आहे आणि जठर त्यांच्या पोटातच आहे.

पैशांचा प्रश्न टाळून चालणार नाही. मार्करच्या संचाला खाजगी लॅबमध्ये काही हजार रुपये लागतात. आपल्या जिल्ह्यातून मी ब्लॉक मोठ्या शहरात पाठवते, तोही खर्च रुग्णाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचाराची मंजुरी मागताना बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. रिपोर्ट पक्का व्हायला मार्कर लागतात, आणि माझ्याकडच्या रुग्णांनी तरी ते पैसे खिशातून भरलेत. एका घरानं त्यासाठी शेळ्या विकल्या. मला वाटतं, आपल्या संघटनांनी हा विषय आरोग्य विभागाकडे एकत्र न्यायला हवा : जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयांत लिम्फोमाच्या मार्करचा किमान संच वर्षभर उपलब्ध असावा आणि योजनेखालच्या रुग्णाला निदानाच्या टप्प्यावरच तो मोफत मिळावा. सर्जनची सही, पोटविकारतज्ज्ञाची सही आणि माझी सही एकाच अर्जावर असली तर त्या अर्जाला वजन येईल. मसुदा मी तयार केला आहे.

टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायला जाणाऱ्या रुग्णांबद्दलही सांगायचं आहे. तिथं स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात, तीच पद्धत योग्य. काही जणांना वाटतं, ब्लॉक मागणं म्हणजे इथल्या डॉक्टरवर अविश्वास. असं अजिबात नाही. माझ्याकडून ब्लॉक मागणाऱ्या नातेवाइकाला मी चहा देते आणि ब्लॉक नीट गुंडाळून, आमच्या रिपोर्टच्या प्रतीसह हातात देते. सुटकेसमध्ये ठेवा पण उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका, मेण वितळतं, एवढं आवर्जून सांगते. लिम्फोमाच्या बाबतीत दुसऱ्या डोळ्यांनी बघितलेलं मला हवंच असतं.

माझ्या बाजूनं बदललेलं असं. 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य मी आता एकटं लिहीत नाही. तुकडा कुठं अपुरा पडला, काय दिसलं, काय दिसलं नाही आणि पुढे नेमकं काय हवं, हे रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत असतं, ठळक अक्षरांत. लिम्फोमाची शंका असलेला कुठलाही रिपोर्ट फोन झाल्याशिवाय लॅबच्या बाहेर जात नाही. फोन लागला नाही तर मी तुमच्या दवाखान्यात येऊन बसेन.

फॉर्मलिन भरलेल्या, लेबल लावलेल्या लहान बाटल्यांचे संच आम्ही बांधून ठेवलेत, दहा-दहाचे. त्यांचे पैसे लागत नाहीत. कंपाउंडरला पाठवा किंवा आमच्या लॅबमधला मुलगा सकाळच्या फेरीत आणून देईल. फॉर्मही नवीन छापलाय : वजन किती उतरलं, स्टेरॉइड झालं का, ॲसिडच्या गोळ्या कधीपासून, एन्डोस्कोपीत काय दिसलं. दोन मिनिटांत भरून होतो.

आणि शनिवारी दुपारी तीननंतर लॅबमध्ये या. दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप गेल्या वर्षी घेतला आहे. त्या शेतकऱ्याचे पहिले दोन तुकडे, त्याच्या काढलेल्या जठराची स्लाइड आणि बाईंची अकराव्या महिन्यातली स्लाइड, अशा तीन काचा मी वेगळ्या काढून ठेवल्यात. तुम्ही येऊन खुर्चीत बसलात की पहिली लावते.

आपली,
जिल्ह्याच्या गावातली एक पॅथॉलॉजिस्ट